तोल कुणाचा गेला?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, जिल्ह्याच्या बातम्यांत, चार ओळींची एक बातमी वर्षभर थोड्याफार फरकाने येत असते. बांधकामावर तोल जाऊन खाली पडल्याने कामगाराचा मृत्यू. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद. गाव बदलतं, वय बदलतं, मजला बदलतो. ‘तोल जाऊन’ तेवढं कायम असतं.

यात एक कोडं आहे. तोल गेलेला तो माणूस बहुतेक वेळा नवखा नसतो. गवंडी, प्लास्टरवाला, रंगारी ही माणसं नऊ इंची फळीवर दिवसच्या दिवस काढतात. एका हातात थापी, दुसऱ्या हातात पाटा, नजर ओळंब्यावर आणि पाय न बघता फळीवर चालत असतात. तुम्हाआम्हाला त्या फळीवर उभं राहायचं झालं तर भिंतीला मिठी मारावी लागेल. मग अशा माणसाचा तोल एका दुपारी, दुसऱ्याच मजल्यावर, नेहमीचंच काम करताना कसा जातो?

भोर तालुक्यात भाटघरला गेलात तर या कोड्याची एक बाजू डोळ्यांसमोर दिसते. वेळवंडी नदीवरचं हे दगडी धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरं झालं. भिंत सुमारे ५८ मीटर उंच आणि दीड किलोमीटरहून जास्त लांब. पण एवढ्या जाड भिंतीवर गवंडी भिंतीवरच उभा राहून वरचा थर रचू शकतो. पायाखाली दगड असतो आणि तो हलत नाही. त्याच जलाशयाच्या काठाने, पुढे वेल्ह्याच्या वाटेने जे एकमजली-दुमजली बंगले उठताहेत, त्यांच्या भिंती मात्र सहा किंवा नऊ इंचांच्या. त्यावर उभं राहून प्लास्टर होत नाही. म्हणून बाहेरून दुसरं काहीतरी बांधावं लागतं. त्याला कुणी परांची म्हणतं, कुणी पायाड, कुणी नुसतं ‘बांबू बांधलेत’ म्हणतं. चार-सहा आठवडे टिकायचं, नंतर सोडून न्यायचं, आणि घर पुरं झाल्यावर ज्याची खूणही उरत नाही असं हे बांधकाम. धोका आहे तो या तात्पुरत्या बांधकामात. उंची त्यात फक्त भर घालते.

पाऊण सेकंद

आधी पडण्याचाच हिशोब पाहू. ३ मीटरवरून, म्हणजे साधारण एका मजल्यावरून पडणारा माणूस पाऊण सेकंदाच्या जरा वर जमिनीवर येतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. ६ मीटरवरून १.१ सेकंद आणि ताशी ३९ किलोमीटर. १० मीटरवरून १.४ सेकंद आणि ताशी ५०.

काहीतरी चुकतंय हे कळून स्नायू हलायला लागेपर्यंत पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात शरीर ३० सेंटिमीटर खाली आलेलं असतं. हात लांब करून काही पकडेपर्यंत अर्धा सेकंद, आणि तोवर सव्वा मीटर. म्हणजे जो बांबू धरायचा तो डोक्याच्याही वर गेलेला असतो. ‘सावध राहिला असता तर धरलं असतं’ हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. सर्कशीतला कसरतपटू झोका धरतो, कारण झोका कधी आणि कुठे येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

इजा वेगाने होत नाही, थांबण्याने होते. ६० किलोचा माणूस ३ मीटर पडला आणि १० सेंटिमीटरच्या अंतरात थांबला, तर त्या क्षणी त्याच्या शरीरावर सरासरी त्याच्या वजनाच्या तीसपट, म्हणजे १८०० किलोच्या आसपास जोर येतो. ढिगातल्या वाळूवर पायांवर पडलेला माणूस गुडघे मोडून घेतो आणि वाचतो, तो या १० सेंटिमीटरांच्या जिवावर. कोब्यावर डोकं आपटलं तर थांबण्याचं अंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर येतं आणि जोर तितक्याच पटीने वाढतो. अपघातशास्त्राच्या पुस्तकांत एक जुना ठोकताळा आहे: चार मजल्यांवरून पडलेल्यांपैकी निम्मे दगावतात, सातव्यावरून दहांतले नऊ. पण हा ठोकताळा कसंही पडलेल्यांची सरासरी सांगतो. डोक्यावर पडायला एक मजला पुरतो. म्हणून ‘काय, दहा फुटांवर तर आहे’ या बोलण्याला काही अर्थ नाही, आणि दहा फुटांच्या परांचीलाच कठडा नसतो हे आपण सगळे पाहत आलो आहोत.

फळीचं गणित

आता पडण्याच्या आधीच्या गोष्टीकडे येऊ. अमेरिकेतल्या सरकारी पाहणीत परांचीवर जखमी झालेल्या कामगारांना अपघाताचं कारण विचारलं होतं. ७२ टक्के लोकांनी तीनच गोष्टी सांगितल्या: फळी किंवा आधार निसटला, पाय घसरला, किंवा वरून काहीतरी अंगावर पडलं.

फळी निसटते कशी? ३ मीटर लांबीची, १५ किलो वजनाची लाकडी फळी घ्या. ती दोन आडव्या बांबूंवर टाकली आहे. डावीकडचा बांबू फळीच्या टोकाशी, उजवीकडचा दुसऱ्या टोकापासून दोन फूट आत. म्हणजे उजवीकडे ६० सेंटिमीटर फळी नुसतीच हवेत. दिसायला काही वावगं नाही. उलट, काम जिथे आहे तिथवर फळी पोचते म्हणून ती तशी सरकवलेली असते.

उजव्या बांबूवर फळी फिरू शकते. तिला खाली धरून ठेवतं फक्त तिचं स्वतःचं वजन. १५ किलो वजन, फळीच्या मध्यावर, बांबूपासून ९० सेंटिमीटर अंतरावर. वजन गुणिले अंतर केलं की १३५० येतात. आता ६५ किलोचा माणूस बांबूच्या पलीकडे पाऊल टाकतो. १३५० ला ६५ ने भागा: उत्तर २१ सेंटिमीटरच्याही आत. टेकूपासून जेमतेम एक वीत. त्यापुढे पाऊल गेलं की फळी उलटली. डोक्यावर २० किलोचं भरलेलं घमेलं असेल तर १६ सेंटिमीटरच.

त्या फळीवर माणूस सकाळपासून शंभर वेळा टेकूच्या आतच उभा राहिलेला असतो. एकशे एकाव्या वेळी कोपरा गाठायला वीतभर पुढे सरकतो. त्याचा अनुभव, त्याचे पाय, त्याची नजर सगळं ठीक आहे. फळी मात्र सकाळपासूनच उलटायला तयार होती. अमेरिकेतल्या नियमांत अशा फळीचं बाहेर आलेलं टोक १५ ते ३० सेंटिमीटरच असावं असं म्हटलंय. १५ पेक्षा कमी असेल तर फळी सरकून टेकूवरून सुटेल आणि ३० पेक्षा जास्त असेल तर उलटेल. फळी दोन्ही टोकांना दोराने आवळून टाकली तर हा सगळा हिशोब करायची गरजच पडत नाही. एका फळीला दोन गाठी. त्या न मारण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की फळ्या कमी आहेत आणि त्याच वर न्यायच्या आहेत.

जाडीचंही असंच फसवं आहे. फळीची जाडी निम्मी झाली तर ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. सेंटरिंगच्या कामात झिजून, रंधून पातळ झालेली फळी परांचीवर येते ती याच कारणाने घातक. आणि दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं की वाकणं दुपटीने नव्हे, आठपटीने वाढतं. वाकलेल्या फळीवरची ओली वाळू पाय ठरू देत नाही. तेव्हा ‘पाय घसरला’ या कारणामागेही फळी असते.

पाय, दोर आणि मुरूम

परांचीच्या उभ्या पायांवर माणसांपेक्षा मालाचं वजन जास्त असतं. एक वीट साधारण ३ किलोची. शंभर विटा एका ठिकाणी रचल्या की पाच माणसं एकाच जागी उभी केल्यासारखं वजन झालं. ते माणसांचं असतं तर मुकादम ओरडला असता. विटांवर कुणी ओरडत नाही.

उभा पाय, बांबूचा असो की लोखंडी नळीचा, वजनाने चिरडून मोडत नाही. तो मध्येच बाजूला वाकतो. त्याला वाकू देत नाहीत त्या ठराविक उंचीवर बांधलेल्या आडव्या. इथे एक विलक्षण नियम लागू होतो: दोन आडव्यांमधलं अंतर दुप्पट झालं, तर पायाची वजन पेलण्याची ताकद एक चतुर्थांशावर येते. म्हणजे ये-जा करायला डोक्याला लागते म्हणून, किंवा खिडकीची चौकट आत घ्यायची म्हणून, मधली एकच आडवी सोडली की त्या पायाची तीन चतुर्थांश ताकद गेली. वरून काही दिसत नाही. परांची उभीच असते. दुपारी विटा चढतात आणि मग ती बसते.

चार आडव्या-उभ्यांची चौकट स्वतःहून कधीच ताठ नसते. ढकलली की ती तिरकी होत जाते. तिच्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपा बांबू बांधला की त्रिकोण तयार होतात, आणि त्रिकोणाचा आकार बाजू मोडल्याशिवाय बदलत नाही. साइटवर याला कैची म्हणतात. कैचीवर कुणी उभं राहत नाही, माल ठेवत नाही, त्यामुळे बांबू कमी पडले की सगळ्यात आधी तीच गाळली जाते.

आता जमीन. ४८ मिलिमीटर व्यासाच्या नळीचं टोक सरळ मातीवर ठेवलं, तर ते सुमारे १८ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतं. पायावर ४०० किलो आले तर दर चौरस सेंटिमीटरला २२ किलो. खाली १५ बाय १५ सेंटिमीटरची लोखंडी पाटी ठेवली तर हाच आकडा दोनाच्याही खाली येतो, आणि पाटीखाली जाड फळीचा तुकडा टाकला तर अर्ध्याच्या आसपास. ओल्या भरावाच्या मुरमाला २२ झेपत नाहीत, अर्धा झेपतो. नव्या घराच्या कडेने पाया भरताना उकरलेली माती परत लोटलेली असते आणि परांचीचे पाय नेमके त्याच पट्ट्यात येतात. भोर-वेल्ह्याच्या पावसात तो पट्टा पंधरा दिवसांत खाली बसतो. परांची १.२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच असेल, आणि बाहेरचे पाय फक्त २ सेंटिमीटर रुतले, तर वरचं टोक भिंतीपासून १० सेंटिमीटर बाहेर जातं. भिंत आणि फळी यांच्यातली फट तेवढी वाढली, आणि सगळा डोलारा तेवढा बाहेर कलला.

कलू नये म्हणून परांची भिंतीला ठिकठिकाणी बांधतात. नुसत्या पायांवर उभी परांची तिच्या रुंदीच्या चौपटीपेक्षा उंच नसावी असा अमेरिकी नियम आहे; १.२ मीटर रुंदीला ४.८ मीटर. दुसऱ्या मजल्याचं प्लास्टर या उंचीच्या वर येतं. तेव्हा बांधणं आलंच. गंमत अशी की हे बांध प्लास्टरच्याच आड येतात. बांध जिथे भिंतीत जातो तेवढा तुकडा प्लास्टरवाल्याला गाठता येत नाही, म्हणून तो बांध सोडतो, तुकडा भरतो आणि पुढे जातो. परत बांधायचं काम त्याचं नसतं. संध्याकाळपर्यंत अख्खी परांची मोकळी उभी असते, आणि सकाळी रंगारी येतो.

दोरांबद्दल एक गोष्ट गावाकडच्या कुणालाही पटेल. तागाची सुतळी भिजली की आखडते आणि वाळली की सैल पडते. ताजा तोडलेला बांबू वाळताना बारीक होतो. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाशी ओल्या बांबूवर घट्ट आवळलेली गाठ पहिल्या मोठ्या उघडिपीत ढिली होते. कुणी हात लावलेला नसताना. नायलॉनचा दोर तागाइतकं पाणी पीत नाही, पण बांबूच्या गुळगुळीत सालीवरून तो सरकतो. इथे बांबूला दोष देण्यात अर्थ नाही. हाँगकाँगमध्ये बांबूच्या परांच्या गगनचुंबी इमारतींना लागत आल्या आहेत, पण तिथे परांची बांधणं हा शिकून करायचा, परवान्याचा धंदा आहे. आपल्याकडे ज्याच्या हाताला त्या दिवशी दुसरं काम नाही तो परांची बांधतो.

कच्च्या काँक्रीटवर टांगलेली ५१ माणसं

परांचीवरून पडण्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या अपघातांपैकी एक अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, विलो आयलंड इथे झाला. तारीख २७ एप्रिल १९७८. वीजकेंद्राचा शीतक मनोरा बांधला जात होता. जमिनीपासून वर परांची नेण्याऐवजी ती मनोऱ्याच्या भिंतीलाच जोडली होती: रोज काँक्रीटचा एक थर भरायचा, दुसऱ्या दिवशी परांची त्या थराला आवळायची, वरचा थर भरायचा. आदल्या रात्री थंडी होती. त्या दिवशी वर माल चढत असताना आदल्या दिवशीचा थर सुटायला लागला आणि मनोऱ्याच्या कडेने सगळी परांची सोलून निघावी तशी खाली आली. सुमारे ५० मीटर उंची. आपल्या भाटघरच्या भिंतीहून जराशी कमी. परांचीवर ५१ कामगार होते. एकही वाचला नाही. पुढच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की आदल्या दिवशीच्या काँक्रीटमध्ये तो भार पेलण्याइतकी ताकदच आलेली नव्हती.

काँक्रीट ‘वाळतं’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया हळूहळू चालते आणि त्यातून ताकद येते. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश, अठ्ठावीस दिवसांत जवळजवळ पूर्ण. थंडीत ही क्रिया मंदावते. हाताला टणक लागणारं एका दिवसाचं काँक्रीट ताकदीने अगदीच पोर असतं. भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे चौदा दिवस काढायचे नाहीत, ते यासाठीच. टेकूंचं सामान पुढच्या साइटवर हवं असतं, म्हणून हे दिवस मोजले जात नाहीत.

स्लॅब भरताना माणसं उभी असतात ती सेंटरिंगवर, म्हणजे खालून टेकू दिलेल्या फळ्या-पत्र्यांवर. तीही एका अर्थाने परांचीच, फक्त तिच्यावर माणसांबरोबर टनावारी ओलं काँक्रीट असतं. पुण्यात बालेवाडीला २९ जुलै २०१६ रोजी उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचं काम सुरू असताना स्लॅब कोसळला आणि नऊ कामगारांचा जीव गेला. तिथे एकाच वेळी नऊ जणांचा तोल गेला असं कुणी म्हणालं नाही. एकटा माणूस पडला की मात्र आपण तसंच म्हणतो.

आठवणीवर न सोडलेली गोष्ट

भाटघरच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय ठरलेल्या पातळीपर्यंत भरला की पाण्याच्याच जोराने ते आपोआप उघडतात. रात्री दोन वाजता मुसळधार पावसात कुणी जागं आहे का, त्याला दरवाजा उघडायची आठवण राहिली का, तो घाबरला तर नाही, यावर खालच्या गावांचा जीव अवलंबून ठेवलेला नाही. परांचीवरच्या सुरक्षेचे प्रकार नेमके याच कसोटीवर लावून पाहावेत: हे साधन स्वतःहून काम करतं, की माणसाच्या आठवणीवर?

कठडा स्वतःहून काम करतो. फळीच्या बाहेरच्या बाजूने साधारण एक मीटर उंचीवर एक आडवी, तिच्या निम्म्यावर दुसरी, आणि फळीला लागून वीतभर उंचीची उभी पट्टी. वरच्या आडवीला कंबर अडते, मधल्या आडवीमुळे वाकलेला माणूस खालून निसटत नाही, खालच्या पट्टीमुळे पाय बाहेर जात नाही आणि विटेचा तुकडा खाली उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात पडत नाही. तिची गोष्ट आपण विसरतोच. घमेली वाहणाऱ्या बाया दिवसभर परांचीच्या बरोबर खाली वावरत असतात. कठडा एकदा बांधला की थकलेल्या, उपाशी, तापाने फणफणलेल्या, फोनवर बोलणाऱ्या माणसालाही तो तितकाच अडवतो.

जाळीही स्वतःहून काम करते, पण तिलाही मर्यादा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली बांधकामाच्या वेळी जाळी लावली होती. त्या काळात ते नवलच होतं. तिने १९ जण वाचवले. पण १७ फेब्रुवारी १९३७ ला कामाचा एक अवजड फिरता मंचच सुटून जाळीवर पडला, जाळी फाटली आणि दहा जण गेले. जाळी माणसासाठी होती. कोसळला तो माणसाखालचा मंच.

बेल्ट मात्र आठवणीवर चालतो. दर वेळी घालायला हवा, दर पावलाला हूक काढून पुढे अडकवायला हवा. आणि कशात अडकवायचा? पडणारा माणूस दोराला ६०० किलोपर्यंत हिसका देऊ शकतो, आणि तोही दोरात धक्का शोषणारी, टाके उसवत जाणारी पट्टी असेल तर. ती नसेल तर कितीतरी जास्त. ज्या परांचीवर शंका आहे तिच्याच बांबूला हूक लावणं म्हणजे तिच्याबरोबर खाली जाण्याची सोय. कमरेचा नुसता पट्टा तर वापरूच नये. सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर येतो. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण पट्टा लागतो.

उंचीचा हिशोब बेल्टलाही चुकत नाही. दोर १.८ मीटर, शोषक पट्टी उसवून आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर मीटरभर शिल्लक. हूक जिथे आहे तिथून खाली सुमारे ६ मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या मजल्याच्या परांचीवर पायाशी हूक लावलेला माणूस दोर ताणला जाण्याआधीच जमिनीवर पोचतो. म्हणजे दुमजली बंगल्याच्या कामावर, जिथे आपल्या तालुक्यातली बहुतेक माणसं असतात, बेल्टचा उपयोग सगळ्यात कमी आणि कठड्याचा सगळ्यात जास्त. प्रत्यक्षात उलटं दिसतं. पाहुणे येणार म्हटलं की बेल्ट निघतात. बेल्ट फोटोत दिसतो.

चौकट: चढण्याआधी, आणि पडलाच कुणी तर

खालून वर बघत जावं. पायांखाली पाटी आणि फळी आहे का, भराव बसलाय का. कैची आहे का. मधली आडवी कुणी सोडलीय का. भिंतीचे बांध जागेवर आहेत का. फळ्या दोन्ही टोकांना आवळल्यात का, टेकूच्या बाहेर वीतभराहून जास्त आल्यात का. कठडा आहे का. पाऊस पडून गेला असेल किंवा दुसऱ्या टोळीने काम केलं असेल, तर हे सगळं पुन्हा.

पडलेल्या माणसाला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, दोघांनी हातपाय धरून जीपमध्ये टाकू नये. मणका मोडलेला असेल तर एका हिसक्यात पाय कायमचे जाऊ शकतात. मान जशी आहे तशी दोन्ही हातांनी स्थिर धरावी, रक्त वाहत असेल तिथे दाबून धरावं, १०८ ला फोन करावा. बेल्टला लटकलेल्या माणसाला मिनिटामिनिटाला धोका वाढतो, कारण पायांत रक्त साचत जातं. त्याला लगेच खाली घ्यावं.

परांची कुणाची?

साइटवर सेंटरिंगवाल्यांची टोळी परांची उभी करते. गवंडी ती वापरतात. प्लास्टरवाले बांध सोडतात. नळवाला एक आडवी काढून घेतो. रंगारी फळ्या सरकवतो. प्रत्येकाचा ठेका वेगळा, कधी ठेकेदाराच्या खाली आणखी ठेकेदार. परांची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. ब्रिटनमध्ये ती वापरण्याआधी आणि नंतर दर सात दिवसांनी जाणत्या माणसाने तपासून लेखी नोंद करायची असा नियम आहे. या नियमात मला महत्त्वाचं वाटतं ते नोंदीवरचं माणसाचं नाव. नाव लागलं की परांचीला मालक मिळतो.

आपल्याकडे १९९६ पासून बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा होता. त्याखाली राज्यांनी नियम केले, बांधकामखर्चावर एक टक्का उपकर लागला, महाराष्ट्रात कामगारांचं कल्याणकारी मंडळ झालं. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला तिथे नोंदणी करता येते. पण हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या कामाला लागू होता, आणि स्वतःच्या राहत्या घराचं १० लाखांपर्यंतचं काम त्यातून वगळलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ ला कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा दहाचा आकडा तोच राहिला आणि घराच्या खर्चाची मर्यादा ५० लाखांवर गेली. आता भाटघरच्या काठचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा: दुमजली, खर्च ४० लाख, कामावर एक मिस्त्री, दोन गवंडी, तीन बिगारी. वर सांगितलेलं फळीचं, पायाचं, मुरमाचं सगळं गणित त्या घराला लागू आहे. कायद्याचा सुरक्षेचा भाग लागू नाही.

नुकसानभरपाईची बाब निराळी. कामावर मृत्यू झाला तर मासिक वेतनाची निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला अंक, असा जुन्या १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला हिशोब आहे. तीस वर्षांच्या माणसाला हा अंक २०७.९८, वेतन १५ हजार धरलं तर साडेपंधरा लाखांच्या वर रक्कम होते. मात्र हजेरीचा कागद नसला की तो माणूस तिथे कामाला होता हेच सिद्ध करावं लागतं.

या सगळ्याच्या मुळाशी जाऊन बघितलं तर हिशोबाची वही सापडते. प्लास्टरचा दर चौरस फुटाला ठरतो, ‘परांचीसह’. अंदाजपत्रकातही बहुतेक ठिकाणी तसंच लिहिलेलं असतं. दर ठरलेला, म्हणजे परांचीवर वाचवलेला प्रत्येक बांबू, प्रत्येक फळी, प्रत्येक गाठ ठेकेदाराच्या खिशात. ठेकेदार वाईट असायची गरज नाही. दर असा असेल तर भला माणूसही कैची गाळतो, कारण शेजारचा गाळून कमी दर देतो. घरमालकाने परांचीचं कलम वेगळं लिहून घ्यावं. किती मीटर, किती पातळ्या, कठडा कुठून कुठपर्यंत, पायाखाली काय, भाडं किती दिवसांचं, आणि रोज सकाळी बघणार कोण. मग पैसे त्या कलमावरच द्यायचे आणि कठडा नसेल तर त्या आठवड्याचे कापायचे. दुमजली घराच्या एकूण खर्चात ही रक्कम फरशीच्या निवडीतल्या फरकाएवढीही भरत नाही.